मरामत की बदल?

मागच्या महिन्यात एका रविवारी धाकट्या भावाच्या गॅरेजवर गेलो होतो. मालेगावहून नाशिककडे जाताना आग्रा रोडला लागून असलेलं हे गॅरेज आमच्या अब्बांनी सुरू केलं. आत एक जुना टाटा १६१३ उभा होता. पूर्वी त्याने कांदा वाहिला, आता तो पाण्याचा टँकर झालाय. उन्हाळ्यात नांदगाव तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर त्याच्यातून पाणी जातं. बॉनेट उघडं होतं, हेड उतरवलेलं होतं आणि गोणपाटावर पिस्टन, व्हॉल्व, पुशरॉड ओळीने मांडून ठेवले होते. मालकाचा तिशीतला मुलगा शेजारी उकिडवा बसला होता. त्याने भावाला विचारलं, "चाचा, आहे तेच बांधायचं, की सगळं नवीन टाकू?"

भावाने लगेच उत्तर दिलं नाही. तो क्रँकशाफ्ट फडक्याने पुसत राहिला.

हा प्रश्न आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकत आलोय. भावाने पाना उचलला, मी बी.एड. करून शाळेत लागलो आणि उर्दू-मराठी शिकवू लागलो. पण सुट्टीत गॅरेजमध्ये पार्ट धुण्याचं काम मीही केलंय. पुढे इतिहासाची पुस्तकं वाचताना एक गोष्ट सतत खटकत राहिली. औद्योगिक इतिहासात कारखाना कधी निघाला, कोणी काढला, परदेशी भागीदार कोण होता, हे सगळं येतं. त्या कारखान्यातून निघालेला ट्रक पुढची तीस-चाळीस वर्षं कोणी चालता ठेवला, हे येत नाही. आजचा लेख त्याबद्दल आहे.

शब्द काय सांगतात

भाषेचा मास्तर असल्यामुळे सुरुवात शब्दांपासून करतो. गॅरेजमध्ये दोन कामं चालतात, दुरुस्ती आणि बदली. 'दुरुस्त' हा शब्द फारसी आहे. ठीक, योग्य, धडधाकट असा त्याचा अर्थ. 'बदल' अरबी आहे, एकाच्या जागी दुसरं. उर्दूत दुरुस्तीला 'मरम्मत' म्हणतात, तोही मूळचा अरबी. हाच शब्द जुन्या मराठीत 'मरामत' म्हणून वावरत होता. किल्ल्याच्या तटाची, वाड्याची, विहिरीची मरामत व्हायची. आज तो मराठीतून जवळपास गेला, गॅरेजमध्ये मात्र उर्दू बोलणाऱ्यांच्या तोंडी राहिला. 'उस्ताद'चा मराठीत 'वस्ताद' झाला. स्प्रिंगच्या पाट्यांना 'कमान' म्हणतात, ती फारसीतली कमान म्हणजे धनुष्य. लेथला आमच्याकडचे म्हातारे कारागीर अजून 'खराद' म्हणतात. आणि 'मिस्त्री' तर पोर्तुगीजांकडून आलेला.

या सगळ्यांत मला आवडणारं क्रियापद मात्र अस्सल मराठी आहे. इंजिन 'बांधणं'. घर बांधतात, पूल बांधतात, तसं इंजिन बांधतात. पूर्ण खोलायचं, प्रत्येक भाग धुवायचा, मोजायचा, चालण्यासारखा असेल तो ठेवायचा, नसेल तो बदलायचा आणि मग सगळं पुन्हा जोडायचं. म्हणजे बांधण्याच्या पोटातच बदलणं येतं. त्यामुळे मालकाच्या पोराचा प्रश्न 'हे की ते' असा वाटला, तरी खरा प्रश्न वेगळा होता. कुठला भाग बांधायचा आणि कुठला फेकायचा?

बनवणारे गेले, गाड्या राहिल्या

आपल्याकडे हा प्रश्न इतका महत्त्वाचा का झाला, ते समजायला थोडं मागे जावं लागेल. इंग्रजांच्या काळात इथल्या लॉऱ्या परदेशी होत्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना काढला. फोर्डचाही कारभार मुंबई, मद्रास, कलकत्त्यात होता. सुटे भाग पेट्यांत भरून बोटीने यायचे, इथे जोडले जायचे. दुसऱ्या महायुद्धात यात लष्करी गाड्यांची भर पडली. कॅनडात बनलेले फोर्ड आणि शेव्हर्लेचे लष्करी ट्रक मोठ्या संख्येने हिंदुस्थानात आले. युद्ध संपल्यावर शिल्लक माल विकायला निघाला आणि ते ट्रक मालवाहतूकदारांच्या हाती आले. कुणी त्यावर लाकडी बॉडी चढवून मालट्रक केला, कुणी प्रवासी बस केली.

अशा गाडीचा पार्ट तुटला तर आणायचा कुठून? लष्कराचे डेपो उठले होते. मग एक गाडी खोलायची आणि तिच्या पार्टवर दोन गाड्या चालवायच्या, ही रीत पडली. मुंबईच्या चोरबाजारात आणि कुर्ल्याच्या भंगारात पार्ट शोधायला जाणं हा मिस्त्रीच्या कामाचा भागच झाला.

पुढे स्वतंत्र भारताने देशी उत्पादनाचं धोरण घेतलं. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने अहवाल दिला. ज्या कंपन्यांकडे इथेच गाडी बनवण्याची योजना आहे त्यांनीच इथे राहावं, नुसती जोडणी चालणार नाही, असा त्याचा रोख होता. जनरल मोटर्स आणि फोर्डने गाशा गुंडाळला. देशाच्या दृष्टीने निर्णय योग्य होता, देशी मोटार उद्योग त्यामुळेच उभा राहिला. पण रस्त्यावर ज्या शेव्हर्ले आणि फोर्ड गाड्या धावत होत्या, त्यांना बनवणारा देशात उरला नाही. १९५७च्या सुमारास परकीय चलनाची टंचाई आली आणि आयात आणखी आवळली गेली. पार्ट मिळेना, नवी गाडी मिळेना. या दोन 'मिळेना'च्या मध्ये जो उभा राहिला, तो आपला मिस्त्री.

त्या काळातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. पेट्रोल महाग पडायला लागलं तसे अनेक मालकांनी जुन्या ट्रकमधलं पेट्रोल इंजिन काढून तिथे पर्किन्सचं पी-सिक्स डिझेल इंजिन बसवलं. हे इंजिन पन्नासच्या दशकात मद्रासच्या सिम्पसन कंपनीत बनू लागलं होतं. ट्रकचं काळीजच बदललं आणि त्यामुळे बाकीचा ट्रक वाचला. म्हणजे बदलणंसुद्धा कधी कधी मरामतीच्याच कामी येतं.

ताऱ्याची गाडी

सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली. १९४७ मध्ये तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या परवान्याने डॉज, फार्गो अशा गाड्या निघू लागल्या. बंगालमध्ये हिंदुस्थान मोटर्सने बेडफर्ड ट्रक काढले. १९५५ मध्ये मद्रासला अशोक मोटर्सची अशोक लेलँड झाली. आणि १९५४ मध्ये जमशेदपूरला टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार करून ट्रक बनवायला घेतले. त्याआधी टेल्को रेल्वेची इंजिनं बनवायची. सुरुवातीच्या या टाटा ट्रकांवर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा असायचा. १९६९ मध्ये करार संपला, तारा उतरला आणि तिथे 'टी' आला. अब्बांच्या पिढीचे ड्रायव्हर मात्र पुढे कितीतरी वर्षं या गाडीला 'मर्सिडीज'च म्हणायचे.

उत्पादन परवान्यानुसार मोजूनमापून होत होतं, मागणी त्याहून जास्त होती. नव्या ट्रकसाठी नंबर लावून थांबावं लागे. मालकाकडे ट्रक बहुधा एकच असायचा, तोही कर्जावर. तो आठ दिवस उभा राहिला तर हप्ता चुकायचा. म्हणून पार्ट फेकणं परवडतच नव्हतं.

दुसऱ्या बाजूने मिस्त्रीला अनुकूल अशी एक गोष्ट घडत होती. मॉडेल फारसं बदलत नव्हतं. बंद बाजारपेठेचा हा दोष म्हणून अर्थतज्ज्ञ सांगतात, ते खरंच आहे. पण त्यामुळे एका वर्षीच्या ट्रकचा पार्ट दहा वर्षं जुन्या ट्रकला बसायचा आणि मिस्त्रीने एकदा कमावलेलं ज्ञान जन्मभर पुरायचं. टाटाच्या इंजिनांची नावंसुद्धा सोपी होती. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९२ मिलिमीटर बोअर. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर. नाव घेतलं की माप कळलं. शाळेत न गेलेल्या शागिर्दालाही हे पाठ असायचं.

बांधायचं काय, फेकायचं काय

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो. कारण 'जुगाड' या एका शब्दात सगळं गुंडाळलं जातं आणि त्यामागची मोजमापं दिसेनाशी होतात.

सिलिंडर झिजलं की कॉम्प्रेशन कमी होतं, गाडी चढाला दम टाकते, ऑइल खाते, ब्रीदरमधून धूर येतो. मग 'इंजिनाचं काम निघालं' असं म्हणतात. बोअर मोजायचं, ते गोल राहिलंय की अंडाकृती झालंय ते बघायचं, ठराविक मापाने कापून मोठं करायचं आणि त्या मापाचे पिस्टन-रिंगा घालायच्या. शेवटचं माप संपलं की लायनर ठोकून पुन्हा मूळ मापावर यायचं. ब्लॉक तोच राहतो.

क्रँकशाफ्टचंही तसंच. त्याचे जर्नल झिजले की ग्राइंडिंग करतात आणि तेवढ्याच जाड बेअरिंग घालतात. गॅरेजमध्ये म्हणतात, 'दहावर आहे', 'वीसवर आहे', 'तीसवर गेला'. हे इंचाचे हजारावे भाग. दहा म्हणजे साधारण पाव मिलिमीटर. ग्राइंडिंगवाल्याने जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई जपली पाहिजे. तिथे धारदार कोपरा राहिला तर क्रँक पुढे तिथेच तुटतो. अब्बा क्रँक परत आला की आधी त्या कोपऱ्यावरून बोट फिरवायचे. नंतर मायक्रोमीटर हातात घ्यायचे.

रेडिएटर तांब्या-पितळेचा असायचा. वरच्या-खालच्या टाक्या डाग काढून सोडवायच्या, नळ्यांतून सळई फिरवून गाळ काढायचा, पुन्हा डाग द्यायचा. डायनॅमो आणि सेल्फच्या आर्मेचरला नवी तार गुंडाळली जायची. क्लच प्लेट तीच, लायनर नवं रिव्हेट करायचं. कमानीतला मधला एखादा पाटा तुटला तर तेवढाच बदलायचा आणि बाकीचे तापवून, ठोकून, पुन्हा पाणी देऊन वाकवायचे. गाडीचं सरकारी नाव म्हणजे चेसिस नंबर. तो सोडला तर बाकी सगळ्याची या ना त्या पद्धतीने मरामत व्हायची.

पण जे बांधता येत नाही तेही मिस्त्रीला माहीत होतं. डिझेल पंपाचं उदाहरण घ्या. १९५१ मध्ये बंगळुरूला बॉशच्या सहकार्याने 'मायको' कंपनी निघाली आणि पुढे तिचे पंप देशभर पसरले. पंपाची बॉडी, कॅमशाफ्ट, गव्हर्नर खोलून पुन्हा बांधता येतात. आतला 'एलिमेंट' मात्र नाही. प्लंजर आणि त्याचा बॅरल एकमेकांत घासून जोडीने तयार केलेले असतात. त्यांच्यातली फट केसाच्या जाडीहून कितीतरी कमी. एक झिजला की दोन्ही फेकायचे. एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलमध्ये चालत नाही. ब्रेकच्या व्हील सिलिंडरमधलं रबर, ब्रेकचा होज, इंजिनाची गॅस्केटं, हेही फेकण्याचेच. चांगल्या मिस्त्रीची ओळख तो काय काय जोडू शकतो यावर होत नव्हती. काय जोडायला नकार देतो, यावर व्हायची.

अब्बा हे शिकले, पण फार मोठी किंमत मोजून. आणि ती किंमत त्यांनी एकट्याने मोजली नाही.

राहूड घाट

१९८९ सालची गोष्ट. मी तेव्हा चौथीत होतो. कांद्याने भरलेला एक १२१० संध्याकाळी गॅरेजवर आला. रात्रीतून मुंबई गाठायची होती. स्टिअरिंग ओढत होतं. अब्बा खाली शिरले आणि त्यांना ड्रॅग लिंकला, बॉल जॉइंटच्या जवळ, बारीक तडा दिसला. नवी ड्रॅग लिंक त्या वेळी मालेगावात मिळेना. नाशिकहून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आली असती. मालक म्हणाला, "मिस्त्री, उद्याचा बाजार गेला तर कांद्याला पाणी सुटंल. आज कायतरी करा." ड्रायव्हर अब्बांच्या ओळखीतला, आम्ही पोरं त्याला मामू म्हणायचो. तोही म्हणाला, जोड मारून द्या, मी सावकाश नेतो, येताना नवी टाकू.

अब्बांनी तडा घासून उघडा केला, वेल्डिंग मारलं, ग्राइंडरने साफ केलं. जोड सुरेख झाला होता. गाडी निघाली.

चांदवडच्या अलीकडे राहूड घाटात ड्रॅग लिंक तुटली. चाकं डोंगराच्या बाजूला वळली म्हणून माणसं वाचली. दुसऱ्या बाजूला वळली असती तर हा लेख मी लिहिलाच नसता, लिहायची हिंमतच झाली नसती. क्लीनरला खरचटलं. मामूंचा उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. तो पुढे जुळला, पण आखूड राहिला. त्यानंतर त्यांनी कधी जड गाडी चालवली नाही.

अब्बांनी तुटलेला तुकडा घरी आणला होता. मी तो पाहिलाय. वेल्डिंगचा जोड शाबूत होता. त्याच्या बाजूचं, जुनं, कारखान्यातलं लोखंड तुटलं होतं. अब्बांना कळेना की मजबूत भाग तुटला कसा. पुढे आयटीआयच्या एका शिक्षकांनी त्यांना समजावलं. असे पार्ट ठोकून घडवलेल्या पोलादाचे असतात. वेल्डिंगच्या आचेने जोडाशेजारची पट्टी लालबुंद होते आणि लगेच थंड पडते. त्यामुळे ती काचेसारखी कडक आणि ठिसूळ होते. वरून काहीच दिसत नाही. हादरे बसले की तडा तिथे जातो. झिजलेला क्रँक मोजता येतो. ही पट्टी मोजायला आमच्याकडे काहीच नव्हतं.

त्या दिवसापासून गॅरेजचा नियम ठरला. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शिअल, रेडिएटर, सेल्फ, डायनॅमो, जे बंद पडलं तर गाडी फक्त उभी राहते, ते बांधायचं. स्टिअरिंग आणि ब्रेक, जे तुटलं तर माणूस जातो, ते बदलायचं. मामूंना अब्बांनी गॅरेजमध्ये पार्टच्या हिशोबाला बसवलं. दवाखान्याचा खर्चही केला. मामूंनी कधी दोष दिला नाही. ते म्हणायचे, जोड मारा असं मीच म्हणालो होतो. पण अब्बा अखेरपर्यंत राहूड घाटातून जाताना गप्प असायचे.

हे कोणाच्या हातचं काम

मालेगावसारख्या गावात ही कारागिरी रुजली, त्याला कारण आहे. आमचं गाव मागांचं. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी इथे हातमाग आणले. १९३०च्या दशकापासून यंत्रमाग आले, तेही बरेचसे जुने, गिरण्यांनी काढून टाकलेले. मोडीत निघालेलं यंत्र आणायचं, झिजलेले भाग घडवून घ्यायचे आणि पुन्हा चालवायचं, हे इथल्या लोकांना ट्रक यायच्या आधीपासून ठाऊक होतं. लेथवाला, ओतकाम करणारा, वेल्डर गल्लीत होताच. आग्रा रोडवरून जाणाऱ्या ट्रकांनी त्याला दुसरं काम दिलं.

सच्चर समितीने २००६ मध्ये मुसलमानांच्या रोजगाराचं चित्र मांडलं, तेव्हा विणकाम, किरकोळ व्यापार, वाहतूक यांच्याबरोबर वाहनदुरुस्तीचाही उल्लेख होता. पगारी नोकरी कमी, स्वतःच्या हातावरचं पोट जास्त. पण हे काम एकट्या मुसलमानांचं होतं असं म्हणणं चुकीचं ठरेल. शीख मिस्त्री आणि वाहतूकदार होते, लोहार-सुतार होते, कोल्हापूरच्या उद्यमनगरातले कारागीर होते. अब्बांचे पंपाचे वस्ताद शीख होते, कमानीचं काम करणारे लोहार. ट्रकच्या खाली शिरलेल्या माणसाची जात विचारायला कुणाला सवड नसते.

या जगाचं कौतुक करताना त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शागिर्द म्हणून आलेली दहा-बारा वर्षांची पोरं शाळेतून सुटलेली असायची. मी आज वर्गात ज्यांना शिकवतो, तीच ही पोरं. ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचा आणि ड्रम उघडला की ती धूळ फुंकून काढायचे. तोंडाला रुमालसुद्धा नसे. डिझेलने हात धुवून कातडी सोलवटायची. वस्तादाने शिकवलेलं कागदावर उतरलं नाही. वस्ताद गेला की त्याच्याबरोबर अर्धं ज्ञानही गेलं.

उघडत नाही, बदलतात

नव्वदनंतर चित्र बदलू लागलं. बाजार खुला झाला, ट्रक सहज मिळू लागले, कर्ज सोपं झालं. पण मरामतीला खरा धक्का दिला तो धातूने. रेडिएटर ॲल्युमिनिअमचे झाले, टाक्या प्लास्टिकच्या. त्याला डाग कसा देणार? पंपाच्या जागी कॉमन रेल आली. तिच्यातला दाब हजार बारहून कितीतरी वर जातो आणि इंजेक्टर कधी उघडायचा ते संगणक ठरवतो. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. धुराच्या नळीत सेन्सर आले, युरियाचं द्रावण फवारणारी यंत्रणा आली.

माझा पुतण्या आयटीआय करून एका सर्व्हिस सेंटरमध्ये लागलाय. तो बापाला सांगतो, "अब्बू, हमारे यहाँ खोलते नहीं, बदलते हैं." लॅपटॉप जोडायचा, कोड वाचायचा, सांगेल तो डबा काढून नवा लावायचा. भावाला हे ऐकून राग येतो. मला दोघांचंही पटतं. जुनं इंजिन कितीही नीट बांधलं तरी ते बीएस-६ इतकं स्वच्छ होणार नाही. गॅरेजसमोरच्या शाळेतली पोरं तो धूर गिळतात, त्यांच्या बाजूनेही कुणीतरी बोललं पाहिजे. पण न उघडता बदलणाऱ्याला पार्ट का गेला ते कळत नाही, आणि पूर्ण किंमत मोजतो तो मालक.

२०२१ मध्ये केंद्राने जुन्या गाड्या मोडीत काढण्याचं धोरण आणलं. पंधरा वर्षांवरच्या व्यावसायिक गाड्यांच्या फिटनेसची फी २०२२ पासून कित्येक पटींनी वाढली. सरकारी गाड्या तर पंधरा वर्षं झाली की थेट बाद होतात. खासगी मालकाच्या ट्रकबाबत मात्र धोरणाचा भर वयाइतकाच चाचणीवर आहे. चाचणी केंद्रात यंत्राने ब्रेक, स्टिअरिंग, धूर तपासायचा आणि नापास झाली तर मोडीत. मला हे वाचून अब्बांचा नियम आठवला. यंत्र जे तपासतं त्यातला बराच भाग त्यांनी १९८९ नंतर 'बदलायचं' या यादीत टाकला होता. चाचणी प्रामाणिक झाली तर चांगल्या मिस्त्रीला तिची भीती वाटायचं कारण नाही. भीती आहे ती वेगळी. जुना ट्रक पास होण्याइतका नीट बांधणारे हातच उरले नाहीत, तर चाचणीआधीच तो मोडीत गेलेला असेल. आणि ज्याच्याकडे एकच ट्रक आहे, त्याची रोजीरोटीही त्याच्याबरोबर जाईल.

त्या रविवारी

भावाने क्रँक मोजला. म्हणाला, "वीसवर आहे. तीसला जागा आहे, बांधू. बोअर संपलंय, लायनर ठोकू. रेडिएटर तांब्याचा आहे, साफ करून घेऊ. पंपात एलिमेंट नवे. आणि खालचं स्टिअरिंगचं सगळं, ब्रेकचे होज आणि किट, नवं."

पोरगा हिशोब करत होता. म्हणाला, "चाचा, इंजिन आत्ता करू. स्टिअरिंगचं पुढच्या महिन्यात बघू. टँकरची बिलं निघायची आहेत. तोवर बॉल जॉइंट तेवढा भरून घ्या ना वेल्डिंगने."

"मग इंजिनही बांधत नाही," भाऊ म्हणाला. आवाज चढवला नाही. "दुसरीकडे ने. माझी नाराजी नाही."

पोरगा माझ्याकडे बघायला लागला. मी मास्तर, मध्यस्थी करीन असं वाटलं असेल. मी दाराकडे पाहिलं. तिथे खुर्चीवर मामू बसले होते, काठी गुडघ्याला टेकवून. आता त्यांचं वय झालंय, हिशोब पुतण्याची बहीण बघते, पण ते रोज येतात. पोराने माझ्या नजरेमागे तिकडे पाहिलं. त्याला काही माहीत असायचं कारण नव्हतं. थोडा वेळ थांबून त्याने वडिलांना फोन लावला, बाजूला जाऊन बोलला आणि परत येऊन म्हणाला, "ठीक आहे. दोन हप्त्यांत पैसे देतो."

"चालेल," भाऊ म्हणाला.

भाऊ यादी उर्दूत लिहितो, दुकानदार मराठी वाचतो. म्हणून यादी मी लिहायला घेतली. वहीचं पान मधोमध दुमडलं. एका बाजूला लिहिलं 'बांधायचं', दुसऱ्या बाजूला 'बदलायचं'. भाऊ सांगत होता, मी उतरवत होतो.

मामूंनी खुर्चीतूनच विचारलं, "मास्तर, ड्रॅग लिंक लिखी क्या?"

"लिखी, मामू," मी म्हणालो. "सबसे पहले."